साधा सीटी नॉर्मल, तरी मेंदूच्या शिरांत गुठळीची शंका: पुढचा स्कॅन कोणता आणि तो वाचायचा कसा?

प्रश्न: कळवण_फिजिशियन

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या आम्हा लोकांना नेहमी अडणारा प्रश्न मांडतो. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सतत डोकं दुखतंय, उलट्या होतायत, एखादी फिट येऊन गेलीय अशा बायका सुरगाणा, पेठ, कळवण पट्ट्यातून येत असतात. एप्रिल-मेमध्ये दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत खरड छाटणीला गेलेले, उन्हात पाण्याशिवाय राबलेले तरुणही असतात. सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिसची (मेंदूच्या शिरांत गुठळी झाल्याची) शंका येते. साधा सीटी होतो आणि रिपोर्ट येतो: विशेष काही आढळले नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, साध्या सीटीवर सायनसची (मेंदूचं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेची) घनता मोजून काही ठरवता येतं का? ७० एचयूच्या (हाउन्सफील्ड युनिट, सीटीवरच्या घनतेचं माप) वर असेल तर गुठळी, असं वाचण्यात येतं. हा आकडा आपल्याकडच्या पेशंटला चालतो का?

दोन, रुग्ण वणी-दिंडोरीमार्गे नाशिकला पाठवायचाच असेल तर सीटी व्हेनोग्राफी (शिरांचा स्कॅन) मागावी की एमआर व्हेनोग्राफी? चिठ्ठीवर नेमकं काय लिहावं?

तीन, ‘डावा ट्रान्सव्हर्स सायनस दिसत नाही, हायपोप्लेसिया (जन्मतः लहान) किंवा थ्रॉम्बोसिस, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे’ अशा रिपोर्टचं करायचं काय? ताडून पाहण्यासाठीच तर स्कॅन मागवलेला असतो.

उत्तर: रेडिओ_नाशिकरोड

तुमचा पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की धरा. साध्या सीटीवर गुठळीची थेट खूण साधारण एकतृतीयांश रुग्णांतच दिसते. त्यामुळे नॉर्मल सीटीने हा आजार नाकारला जात नाही. सीटीने फक्त मोठा रक्तस्राव, गाठ, हायड्रोसेफलस (मेंदूत पाणी साचणं) यांचा निकाल लागतो. पण त्या सीटीत जे असतं तेही अनेकदा वाचलं जात नाही, कारण पाच मिलिमीटरच्या जाड ॲक्सियल (आडव्या छेदाच्या) चित्रांवर आणि मेंदूच्या नेहमीच्या विंडोवर (चित्रात दिसणाऱ्या घनतेच्या पट्ट्यावर) सायनस कवटीला चिकटून जातो.

आता ७० चा आकडा. रक्ताची सीटीवरची घनता मुख्यतः लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर ठरते. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) वाढला की वाहत्या, निरोगी रक्ताची घनताही वाढते, आणि तो घसरला की घनता घसरते. हिमॅटोक्रिट ४० च्या आसपास असलेल्या माणसात सायनस ५० ते ६० एचयू भरतो आणि ताजी गुठळी ७० च्या पुढे जाते. तो आकडा या माणसांवरून आलेला आहे. तुमच्याकडची बाळंतीण यात बसत नाही.

समजा तिचा हिमॅटोक्रिट २२ आहे. निरोगी सायनसच्या एचयूला हिमॅटोक्रिटने भागलं तर साधारण १.३ ते १.४ येतं. म्हणजे तिचं वाहतं रक्त ३० एचयूच्या जवळपास असणार. तिच्या सुपिरियर सॅजिटल सायनसमध्ये (माथ्याखाली मध्यरेषेवर असलेल्या मोठ्या शिरेत) ५२ एचयू भरले तर ७० च्या नियमाने ते नॉर्मल ठरेल. गुणोत्तर मात्र २.३ च्या पुढे जातं, आणि इतकं गुणोत्तर वाहत्या रक्ताचं नसतं. उलट बाजूने बघा: उन्हात कोरडा पडलेला, हिमॅटोक्रिट ५६ असलेला छाटणी कामगार. त्याचं वाहतं रक्तच ७५ एचयूच्या आसपास असेल. ७० चा नियम लावला तर गुठळी नसताना गुठळी दिसेल.

म्हणून एचयू कधीही एकटा वाचू नका. त्याच दिवशीचा, शक्यतो सलाइन सुरू होण्याआधीचा हिमॅटोक्रिट शेजारी ठेवा. १.८ च्या वर गुणोत्तर गेलं तर संशय बळकट. १.५ ते १.८ मध्ये व्हेनोग्राफी करायचीच. १.५ च्या खाली असलं तरी लक्षणं जुळत असतील तर व्हेनोग्राफी करायचीच, कारण आठवडा-दोन आठवड्यांनी गुठळीची घनता उतरते आणि ती आसपासच्या मेंदूसारखीच दिसू लागते.

मोजायचं असं. पातळ चित्रं मागवा, एक मिलिमीटरची, आणि कोरोनल (समोरून उभा छेद) व सॅजिटल (बाजूने उभा छेद) रचना करून घ्या. ट्रान्सव्हर्स सायनस आडवा असतो. तो ॲक्सियल चित्रात अर्धा-मुर्धा कापला जातो, कोरोनलमध्ये त्याचा गोल छेद मिळतो. विंडो थोडी रुंद करा म्हणजे हाड आणि सायनस वेगळे होतील. मोजणीचं वर्तुळ सायनसच्या पोटात बसेल इतकं लहान ठेवा. हाडाला टेकलं की आकडा खोटा फुगतो. सॅजिटल सायनसमध्ये दोन-तीन जागी, टॉर्क्युलापाशी (मागे सायनस एकत्र येतात तिथे) एकदा, दोन्ही ट्रान्सव्हर्समध्ये एकेकदा मोजा. शेवटी मेंदूच्या तळाची बेसिलर धमनी बघा: तीही तितकीच पांढरी असेल तर रक्तच दाट आहे. सायनस पांढरा आणि धमनी साधी, किंवा एक सायनस दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे दाट, ही गंभीर खूण.

आणखी एक ध्यानात ठेवा. तीव्र ॲनिमियात रक्त काळपट दिसतं, त्यामुळे फाल्क्स आणि टेंटोरियम (मेंदूच्या भागांमधले पडदे) उठून पांढरे दिसतात. त्यांना गुठळी समजू नका. टेंटोरियमवरचं पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचं) रक्तही ट्रान्सव्हर्स सायनसची नक्कल करतं; ते टेंटोरियमच्या उतारावर पसरतं, सायनसच्या नळीत मावत नाही.

गुठळी न दिसताही मेंदू बोलतो. दोन्ही बाजूंना मध्यरेषेलगत, वर कपाळ-शिरोभागात रक्तस्राव असेल तर सॅजिटल सायनस बघा. टेम्पोरल लोबच्या मागच्या-खालच्या भागात रक्तस्राव असेल तर ट्रान्सव्हर्स सायनस आणि लाबे शीर (टेम्पोरल लोबचं रक्त त्या सायनसकडे नेणारी) बघा. दोन्ही थॅलॅमस (मेंदूच्या गाभ्यातले भाग) सुजलेले असतील तर आतल्या शिरा आणि त्यांचं रक्त पुढे नेणारा स्ट्रेट सायनस. कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या वरच्या थराच्या) लगेच खाली काजूच्या आकाराचा छोटा रक्तस्राव, किंवा मार लागलेला नसताना मेंदूच्या वरच्या एखाद-दुसऱ्या खाचेत साचलेलं रक्त, हे दिसलं की शिरांचा अभ्यास झाल्याशिवाय पेशंट घरी पाठवू नये. आणि कोणत्याही एका धमनीच्या हद्दीत न बसणारं, लवकरच रक्ताळलेलं इन्फार्क्ट (रक्ताभिसरण खुंटून मेलेला भाग) दिसलं तर ‘हेमोरेजिक इन्फार्क्ट’ एवढ्यावर रिपोर्ट संपवू नये.

जाता जाता: मॅस्टॉइडची (कानामागच्या हाडाची) हाडाच्या विंडोतली चित्रं बघायला विसरू नका. कान वाहणाऱ्या मुलात त्या हाडालगतच्या सिग्मॉइड सायनसची गुठळी तिथून सुरू होते.

उत्तर: स्कॅनरूम_सिडको

चिठ्ठीचा आणि मशीनचा भाग मी लिहितो.

चिठ्ठीवर ‘सीटी ब्रेन’ किंवा ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलं तर तेवढंच होतं. ‘बाळंतपणानंतर १० वा दिवस, डोकेदुखी, फिट, सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिसची शंका, व्हेनोग्राफीसह’ असं लिहा. सोबत हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी), वजन. ‘शंका’ हा शब्द नसला तर ग्रेडियंट एको (साचलेलं रक्त काळं दाखवणारी एमआर चित्रं) आणि व्हेनोग्राफी प्रोटोकॉलमध्ये घेतल्याच जातील याची खात्री नाही.

सीटी व्हेनोग्राफी: आधी साधा सीटी, म्हणजे घनता मोजता येते आणि नंतर हाड वजा करता येतं. शीर शक्यतो उजव्या हाताची, कोपराच्या पुढची, १८ किंवा २० गेजची सुई. डावीकडची ब्रेकियोसेफॅलिक शीर छातीत दाबली जाते, आणि मग डाव्या हातातून सोडलेलं कॉन्ट्रास्ट औषध (शिरा उठून दिसण्यासाठीचं) उलटं मानेच्या शिरेत चढतं. त्यामुळे डावी बाजू वाचताना घोळ होतो. औषध ७५ ते १०० मिलि, वेग सेकंदाला ३ ते ४ मिलि, मागून ३०-४० मिलि सलाइन. स्कॅन ४५ सेकंदांच्या आसपास सुरू करायचा. इथे घाई नडते: २०-२५ सेकंदांत घेतला तर धमन्या भरलेल्या आणि सायनस अर्धवट मिसळलेला असतो, आणि ती अर्धवट मिसळण गुठळीसारखी दिसते. कमजोर हृदय असेल तर आणखी थोडं थांबा. कक्षा डोक्याच्या माथ्यापासून दुसऱ्या मणक्यापर्यंत, कारण जुग्युलर बल्ब (मानेच्या मोठ्या शिरेची सुरुवात) आत यायला हवा. जाडी १ मिमी किंवा कमी.

बघताना विंडो साधारण २६० रुंद, मध्य १३०. मेंदूच्या अरुंद विंडोत औषध इतकं चकाकतं की आतली छोटी गुठळी बुडून जाते.

एमआरमध्ये टाइम ऑफ फ्लाइट ही वाहतं रक्त चमकवून दाखवणारी पद्धत बिनकॉन्ट्रास्ट असल्याने सर्वाधिक वापरली जाते, आणि सर्वाधिक फसवतेही तीच. द्विमितीय टाइम ऑफ फ्लाइटमध्ये चित्राच्या पातळीला काटकोनात वाहणारं रक्त चमकतं. पातळीच्या समांतर वाहणारं रक्त काळं पडतं. म्हणून चित्रं कोरोनल किंवा तिरपी कोरोनल घ्यायची, १०-२० अंश कलती, म्हणजे सॅजिटल आणि ट्रान्सव्हर्स दोन्ही सायनस काही अंशी आडवे कापले जातात. धमन्या पुसण्यासाठीचा सॅच्युरेशन पट्टा खालच्या बाजूला, मानेकडे. धमन्यांचं रक्त वर येतं आणि शिरांचं खाली जातं, म्हणून हा पट्टा शिरांना इजा करत नाही. पट्टा चुकून वर लागला तर शिराच पुसल्या जातात.

फेज कॉन्ट्रास्टमध्ये (रक्ताच्या वेगावरून चित्र काढणाऱ्या एमआर पद्धतीत) वेगाची मर्यादा १५ सेंमी प्रति सेकंदच्या जवळपास ठेवा, १० ते २० चालतं. धमन्यांसाठीची ६०-८० ची मर्यादा तशीच राहिली तर शिरांतला संथ प्रवाह दिसतच नाही आणि सगळे सायनस बंद असल्यासारखं चित्र येतं.

कॉन्ट्रास्ट देता येत असेल तर ०.१ मिलिमोल प्रति किलो गॅडोलिनियम (एमआरचं कॉन्ट्रास्ट) देऊन एक मिमीची त्रिमितीय टी१ ग्रेडियंट चित्रं घ्या. प्रवाहाची दिशा-वेग यांच्यावर ती फारशी अवलंबून नसतात, त्यामुळे वरची फसवणूक बरीच टळते. पेशंट गोंधळलेला, हलणारा असेल तर सरळ सीटी व्हेनोग्राफी. काही सेकंदांत काम होतं, आणि हललेल्या एमआरव्हीपेक्षा (एमआर व्हेनोग्राफीपेक्षा) ती शंभर पटीने उपयोगी.

प्रतिप्रश्न: कळवण_फिजिशियन

दोघांचेही मनापासून आभार. रेडिओ मॅडम, अनेक ठिकाणी फक्त हिमोग्लोबिन मिळतं. ते तिप्पट करून हिमॅटोक्रिट धरला तर चालेल का? आणि डाव्या ट्रान्सव्हर्सचा प्रश्न राहिलाच.

उत्तर: रेडिओ_नाशिकरोड

तिप्पट करून अंदाज येतो, पण लोहाच्या कमतरतेत पेशींत हिमोग्लोबिन कमी भरलेलं असतं, त्यामुळे खरा हिमॅटोक्रिट तिपटीपेक्षा थोडा जास्त निघतो. ७ हिमोग्लोबिनला तिप्पट २१ येतं. मशीनवर २३-२४ मिळू शकतो. २१ ने भागलं तर गुणोत्तर किंचित फुगेल. सेल काउंटरच्या कागदावर पीसीव्ही किंवा एचसीटी (दोन्ही हिमॅटोक्रिटचीच नावं) छापलेलाच असतो, फक्त रिपोर्टवर उतरवला जात नाही. लॅबला फोन करून विचारा. सुरगाणा-पेठ पट्ट्यात सिकलसेलही (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) आहे, म्हणून ॲनिमियाचं कारण शोधणं गुठळीच्या कारणाच्या शोधातही उपयोगी पडतं.

आता डावा ट्रान्सव्हर्स. बहुतेक माणसांत उजवा सायनस मोठा आणि डावा लहान असतो. लहान सायनसमध्ये प्रवाह संथ, त्यामुळे टाइम ऑफ फ्लाइटमध्ये तिथे तुटकपणा दिसणं अगदी सामान्य आहे. निरोगी माणसांतही साधारण तीनांत एकाच्या लहान बाजूला असा खंड दिसतो. तो मोठ्या, प्रमुख बाजूला दिसला तर मात्र त्याला नॉर्मल म्हणू नका.

निकाल लावण्यासाठी मी या क्रमाने जाते. आधी हाड. सीटीवर हाडाच्या विंडोत सिग्मॉइडची खोबण आणि जुग्युलर फोरामेन दोन्ही बाजूंना बघा. सायनस जन्मतः लहान असेल तर त्या बाजूची खोबणही उथळ आणि भोकही लहान असतं. भोक सामान्य आकाराचं आणि सायनस मात्र गायब, हे संशयाचं. जन्मतः लहान सायनसमध्येही गुठळी होऊ शकते, म्हणून हाड लहान दिसल्यावर बाकीच्या पायऱ्या सोडू नका.

मग मूळ चित्रं. फिरणारं त्रिमितीय चित्र म्हणजे सगळी चित्रं एकावर एक दाबून केलेली सावली. तिच्यात अर्धवट गुठळी लपते आणि नसलेला खंड तयार होतो. रिपोर्ट फक्त त्या सावलीवरून दिला असेल तर तो परत मागा. कोणीही रागावणार नाही, आणि रागावलं तरी मागा.

मग त्या रिकाम्या जागी टी१, टी२ (एमआरची दोन मूळ प्रकारची चित्रं) आणि ग्रेडियंट एकोवर काय आहे ते बघा. खरी गुठळी काहीतरी दाखवतेच. फक्त तिचं वय लक्षात घ्यावं लागतं. पहिल्या पाचेक दिवसांत ती टी१ वर मेंदूसारखीच आणि टी२ वर काळी असते. टी२ वर वाहतं रक्तही काळंच दिसतं, त्यामुळे इथे सगळे फसतात: सायनस मोकळा वाटतो आणि आत गुठळी असते. या टप्प्यात ग्रेडियंट एको किंवा एसडब्ल्यूआयवर (त्याच जातीच्या, जास्त संवेदनशील चित्रांवर) ती ठळक काळी, फुगलेली दिसते. सहाव्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत ती टी१ आणि टी२ दोन्हीवर पांढरी. ही ओळखायला सोपी. पण हीच पांढरी गुठळी टाइम ऑफ फ्लाइटमध्येही पांढरी झळकते आणि प्रवाह सुरू आहे असं वाटतं! म्हणून टी१ न बघता टाइम ऑफ फ्लाइट वाचूच नये. फेज कॉन्ट्रास्टमध्ये पार्श्वभूमी वजा होत असल्याने ही चमक उरत नाही. जुनी गुठळी तर स्वतःच कॉन्ट्रास्ट घेते आणि सायनस उघडा असल्याचा भास होतो. तिथे कडा ओबडधोबड, आत बारीक नळ्या, आजूबाजूला वाकड्या पर्यायी शिरा असं दिसतं.

गोल किंवा अंडाकृती, काठ रेखीव, टी२ वर पाण्यासारखी पांढरी आणि सीटीवरही पाण्याच्या घनतेची गाठ ट्रान्सव्हर्सच्या बाहेरच्या टोकाला दिसली तर ते ॲरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन (सायनसमध्ये शिरलेला, मेंदूच्या आवरणाचा निरोगी उंचवटा) असतं. गुठळी सायनसच्या लांबीने पसरते, ती एका जागी मण्यासारखी बसत नाही.

कॉन्ट्रास्ट सीटीतली ‘एम्प्टी डेल्टा’ खूण, म्हणजे सॅजिटल सायनसच्या त्रिकोणाच्या कडा पांढऱ्या आणि मध्य काळा, दिसली तर उत्तम. पण ती पहिले चार-पाच दिवस बहुधा दिसत नाही, आणि एकूणही फक्त पाव ते एकतृतीयांश रुग्णांतच दिसते. ती नाही म्हणून गुठळी नाही असं लिहू नये.

उत्तर: न्यूरो_कॉलेजरोड

स्कॅन कोणाचा आणि कधी, हे जोडतो.

डोकेदुखी दहांतल्या नऊ जणांत असते, फिट चारेक जणांत. डोकेदुखी आडवं झाल्यावर, खोकताना, पहाटे वाढत असेल तर दाब वाढला आहे असं समजा. ऑफ्थॅल्मोस्कोप तालुक्यालाही असतो. डोळ्याचा पडदा बघा. पॅपिलिडिमा (डोळ्याच्या नसेच्या टोकाची सूज) दिसला, किंवा डोळा बाहेर वळवणारी सहावी नस कमजोर होऊन दोन-दोन दिसायला लागलं, तर नॉर्मल सीटी हातात असला तरी व्हेनोग्राफी त्याच दिवशी.

सिझेरियनमध्ये कमरेतून भूल दिलेली असेल तर डोकेदुखीचं खापर हमखास त्या सुईवर फुटतं. सुईची डोकेदुखी बसलं-उभं राहिलं की वाढते आणि पडून राहिलं की निवते. ती डोकेदुखी पडूनही थांबेना, किंवा तिचा बसण्या-झोपण्याशी संबंध तुटला, तर पाणी-कॅफिनवर पुढे ढकलू नका. सुईच्या भोकातून पाणी गळून मेंदूभोवतालचा दाब कमी झाल्याने सायनस फुगतात, प्रवाह मंदावतो, आणि त्यातूनच गुठळी होऊ शकते.

बाळंतिणीत अजून दोन नकला आहेत. रक्तदाब चढलेला, दृष्टी धूसर, डोक्याच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सारखी सूज, ती डिफ्यूजनवर (ताजा स्ट्रोक पांढरा दाखवणाऱ्या एमआर चित्रांवर) बहुतांशी पांढरी न दिसणारी: हे प्रेस (पीआरईएस, मेंदूच्या मागच्या भागाला सूज येण्याचा आजार). एका क्षणात कडाडून उठणारी, पुन्हा पुन्हा येणारी डोकेदुखी आणि मेंदूच्या वरच्या खाचांत थोडं रक्त: धमन्या आकसण्याचा आजार असू शकतो, म्हणून धमन्यांचाही अभ्यास सोबत मागा. एकाच पेशंटमध्ये एक्लॅम्प्सिया (गरोदरपणातल्या किंवा बाळंतपणानंतरच्या चढलेल्या रक्तदाबाची फिट) आणि गुठळी दोन्ही असू शकतात. एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नये.

दोन्ही थॅलॅमस सुजलेला, सुस्तावलेला पेशंट अनेकदा मेंदूज्वर म्हणून पडून राहतो. अशा वेळी आतल्या सेरेब्रल शिरा आणि स्ट्रेट सायनस उघडे आहेत का, हे नाव घेऊन विचारा. उघडे असतील आणि डिफ्यूजनवर थॅलॅमसच्या मध्यभागी ठाशीव पांढरे डाग असतील तर पर्शरॉन धमनीचा (दोन्ही थॅलॅमसना रक्त देणाऱ्या एकाच धमनीचा) स्ट्रोक.

फक्त पृष्ठभागावरची शीर बंद झाली असेल तर व्हेनोग्राफी पूर्ण नॉर्मल येऊ शकते. पृष्ठभागावरच्या शिरा प्रत्येकाच्या वेगळ्या, त्यामुळे नसलेली शीर कळतच नाही. इथे ग्रेडियंट एको तारतो: दोरीसारखी काळी रेष, शिरेपेक्षा जाड, आणि तिच्याच खाली सूज किंवा छोटा रक्तस्राव. एसडब्ल्यूआयवर निरोगी शिराही काळ्या दिसतात, म्हणून तिथे दुसऱ्या बाजूशी तुलना केल्याशिवाय बोलू नये.

डी-डायमर (गुठळी असल्यास वाढणारी रक्ततपासणी) नॉर्मल आला म्हणून स्कॅन रद्द करू नका. डोकेदुखी एकटीच असेल, गुठळी लहान असेल किंवा बरेच दिवस झाले असतील तर तो नॉर्मल येतो. आणि बाळंतपणानंतर तो तसाही वाढलेलाच असतो, त्यामुळे दोन्हीकडून उपयोग कमी.

हे सगळं इतकं काटेकोर का, तर उपचार उलटा आहे. सायनसच्या गुठळीमुळे झालेल्या रक्तस्रावात हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देतात; शक्यतो लो मॉलिक्युलर वेट, एनॉक्सापॅरिन १ मिलिग्रॅम प्रति किलो दर १२ तासांनी. त्याच रक्तस्रावाला ‘हायपरटेन्सिव्ह ब्लीड’ म्हटलं तर हेपारिन थांबतं आणि गुठळी वाढत जाते. ताजं सिझेरियन किंवा नुकतीच कमरेतली सुई असेल तर वेळ आणि मात्रा प्रसूतितज्ज्ञ व भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवा.

आणि एक कळकळीचं सांगणं, कारण यातली काही दुखणी स्कॅनरूमपर्यंत येण्याआधीच रोखता येतात. बाळंतिणीला पाणी बेताने द्यायचं ही पद्धत अजून घरोघरी आहे, आणि नाशिकच्या मे महिन्यातही पाळली जाते. डिस्चार्जच्या वेळी सासू आणि आई दोघींना समोर बसवून सांगा: तिला तहान लागेल तेव्हा, लागेल तेवढं पाणी द्या.

उत्तर: प्रसूती_पंचवटी

स्तनपान आणि कॉन्ट्रास्ट यावरून बरेच स्कॅन अडकतात म्हणून लिहिते. आयोडीनचं आणि गॅडोलिनियमचं, दोन्ही औषधं दुधात अगदी नगण्य उतरतात आणि बाळाच्या आतड्यातून त्यातलाही थोडाच भाग शोषला जातो. दूध तोडायची किंवा २४ तास पिळून टाकायची गरज नाही. गॅडोलिनियमच्या भीतीने बिनकॉन्ट्रास्ट एमआरव्ही आणि मग संदिग्ध रिपोर्ट, हा सौदा बाईच्या हिताचा नाही.

गरोदरपणात गोष्ट वेगळी: गॅडोलिनियम टाळा, फेज कॉन्ट्रास्ट आणि टाइम ऑफ फ्लाइट दोन्ही करून घ्या, सोबत टी१ आणि ग्रेडियंट एको. त्यानंतरही ठरत नसेल तर सीटी व्हेनोग्राफी करता येते; डोक्याच्या सीटीत गर्भापर्यंत पोचणारं रेडिएशन फारच थोडं असतं.

प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणातल्या चढलेल्या रक्तदाबाच्या आजारात) क्रिएटिनिन चढलेलं असू शकतं, ते बघूनच पाठवा. ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) ३० च्या खाली असेल तर कोणतं गॅडोलिनियम वापरणार ते सेंटरला विचारा. मॅक्रोसायक्लिक प्रकार सुरक्षित, जुने लिनिअर टाळावेत.

प्रतिप्रश्न: कळवण_फिजिशियन

खूप स्पष्ट झालं. शेवटचं: तालुक्यात झालेल्या सीटीचे फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मत घेतलं तर चालतं का? आणि निदान झाल्यावर पुन्हा स्कॅन कधी?

उत्तर: रेडिओ_नाशिकरोड

फोटोवरून मोठा रक्तस्राव कळेल. सायनसची घनता मोजता येणार नाही, विंडो बदलता येणार नाही, कोरोनल करता येणार नाही. म्हणजे या आजारात जे करायचं तेच करता येणार नाही. सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल (स्कॅनची मूळ डिजिटल चित्रं) द्या, पातळ चित्रांसकट. सेंटरमध्ये पातळ चित्रं काही दिवसांनी मशीनवरून पुसली जातात, म्हणून पेशंट टेबलावरून उतरायच्या आतच ती कॉपी मागा. ॲम्ब्युलन्समध्ये ती सीडी नातेवाइकांच्या पिशवीत नको, रेफरल चिठ्ठीला चिकटवून द्या. नाशिकला पोचल्यावर घनता मोजण्यासाठी साधा सीटी पुन्हा करावा लागणार नाही, थेट व्हेनोग्राफी होईल.

पुन्हा स्कॅन: डोकेदुखी वाढली, नवी फिट आली, शुद्ध कमी झाली तर लगेच, आधी साधा सीटी. सगळं ठीक चाललं असेल तर ३ ते ६ महिन्यांनी, आणि पहिल्याच पद्धतीने. आधी सीटी व्हेनोग्राफी आणि नंतर टाइम ऑफ फ्लाइट अशी तुलना केली तर उघडलेला सायनसही बंद वाटू शकतो. त्या स्कॅनवर सायनस पूर्ण उघडला नाही म्हणजे औषध फुकट गेलं असं नाही. अर्धवट उघडलेला सायनस आणि पर्यायी शिरा यांवर माणूस लक्षणांशिवाय राहतो. पण ते चित्र जपून ठेवायला सांगा. दोन वर्षांनी पुन्हा डोकं दुखलं आणि ट्रान्सव्हर्स बंद दिसला, तर तो तेव्हाचाच की आत्ताचा हे ठरवायला दुसरा आधार नसतो.

उत्तर: स्कॅनरूम_सिडको

सीडीबद्दल एक पुरवणी. कॉपी झाल्यावर ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. रिकामी सीडी घेऊन आलेले पेशंट कमी नाहीत. आणि चिठ्ठीवर कॉन्ट्रास्ट किती मिलि, किती वाजता दिलं ते लिहा, म्हणजे त्याच दिवशी दुसरा कॉन्ट्रास्ट द्यायचा झाला तर इथे नव्याने चौकशी करत बसावं लागत नाही.